माझ्या फोनवरचा पहिला नंबर

...तर काउंटरवर दोन फोन शेजारी शेजारी ठेवले होते, एक माझा आणि एक शिवणवर्ग चालवणाऱ्या बाईंचा, आणि नेमकं तिथंच काल तुम्ही मला जेवायला उठवलंत. दोन्ही फोनवर एकच गोष्ट लिहून शोधली होती: शिलाई मशीन ठकठक वाजते. माझ्या फोनवर वहिनींचं दुकान सगळ्यात वर. बाईंच्या फोनवर पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावरही नाही. आणि गेले पाच महिने रोज सकाळी "वहिनी, आपण पहिले" असं सांगणारा मी, छाती पुढे काढून म्हणालो, "बाई, तुमचा फोन बिघडलाय."

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. मित्र शिलाई मशीन दुरुस्त करायचा, सगळी गल्ली त्याला मिस्त्री म्हणायची. तो गेला तेव्हा लोक धरूनच चालले की आता शटर पडणार. महिन्याभरानं वहिनींनी ते वर केलं आणि पेचकस हातात घेतला. मग गल्लीला हळूहळू कळलं की नाजूक कामं वीस वर्षं त्याच करत होत्या, आतल्या बाजूला बसून. मिस्त्रीची बोटं केळ्यासारखी जाड. सुई आणि दोरा पकडणारा आतला आकडा यांची जुळणी केसाच्या अंतरावर लावायची असते, ती त्याला कधी जमलीच नाही. तो बाहेर गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचा आणि आत वहिनी मशीन लावायच्या. श्रेय त्याला, आणि त्याच्या बढाया ऐकून घ्यायच्या मला.

आठ बाय दहाची खोली. तीन भिंतींना मशीनची डोकी रचलेली, जमिनीवर तेलाचे डाग, टेबलाला दोरीनं बांधलेलं लोहचुंबक, पडलेले बारीक स्क्रू उचलायला. वहिनींचा एकच कायदा होता: एका वेळी एकच स्क्रू. फिरवायचा, चिंधीवर चार बोटं शिवण घालायची, बघायचं, मगच दुसरा. गिऱ्हाईक घाईला आलं की म्हणायच्या, "दोन एकदम फिरवते की. पण मग कशानं बरं झालं ते पुढच्या वेळी तुम्ही मला सांगायचं."

या बाईनं साइट काढली. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. दिवसातून पंधरा वेळा तेच तेच प्रश्न फोनवर यायचे, बोलून घसा बसायचा, म्हणून एकदाच लिहून टाकू म्हणाल्या. गिऱ्हाईक बाई काउंटरवर येऊन जे बोलली तेच शब्द पानाच्या माथ्यावर घालायच्या. "मशीन ठकठक वाजते." "खालून दोऱ्याचा गुंता होतो." "पाय मारला तर उलटं फिरतं." खाली उत्तर, दोन फोटो, बस. अशी त्रेचाळीस पानं झाली. लोक ती पानं एकमेकांना पाठवायचे, शिवणाऱ्यांच्या गटांमध्ये कुणी अडलं की कुणीतरी लिंक टाकायचं. लांबलांबून मशीनं यायला लागली. चार छोट्या शिवणकारखान्यांचं काम असंच आलं, आणि खरं सांगायचं तर दुकान त्या चौघांवरच चालत होतं. गल्लीतली माणसं तर उसवलेली बाही घेऊन यायची आणि म्हणायची, वहिनी, जाता जाता एक टाका घाला.

मग मुलीचं लग्न झालं आणि जावई आला.

माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्ही दात-ओठ खाल. नोकरी सुटली होती, तीन महिन्यांचा एसईओचा कोर्स केला होता. एसईओ म्हणजे सर्चमध्ये आपली साइट वर यावी म्हणून करायची खटपट. दाखवायला एक तरी काम हवं होतं. मुलगी म्हणाली, "आई, घरचीच साइट आहे, त्याला एक संधी दे."

वहिनी म्हणाल्या, "चांगली चाललीये की. कशाला हात लावायचा?"

"चांगली चाललीये ती नशिबानं," जावई म्हणाला. "शास्त्रानं चालली तर काय होईल बघा."

मुलीकडं बघून वहिनींनी पासवर्ड दिला. मी तिथंच स्टुलावर होतो. मला वाटलं, शिकलेला मुलगा आहे, दुकान नावारूपाला आणेल.

त्यानं शास्त्र चालू केलं. प्रत्येक पानावर 'शिलाई मशीन दुरुस्ती' हे शब्द निदान वीसदा आले पाहिजेत, म्हणून घातले. प्रत्येक पान दीड हजार शब्दांचं पाहिजे, म्हणून नऊ ओळींच्या उत्तराच्या जागी मशीनचा जन्म कधी झाला, मानवाला वस्त्राची गरज का पडली, असं सगळं आलं. दर सोमवारी पानांवरच्या तारखा बदलायच्या, म्हणजे सर्चला वाटतं माल ताजा आहे. कुठल्याशा पन्नास साइटवरून विकतच्या लिंका आणल्या, त्यातली एक उंदीर मारायच्या औषधाची होती. आणि सगळ्यात शेवटी, पानांचे पत्ते जुनाट दिसतात म्हणून त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पानांचे पत्ते बदलले. जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्याकडं पाठवायची सोय करायची असते. ती केली नाही. जुन्या मजकुराची प्रतही ठेवली नाही.

वहिनींनी एक पान वाचलं आणि खोकल्या. म्हणाल्या, "जावईबापू, हे मी गिऱ्हाइकाला तोंडानं सांगायला गेले तर गिऱ्हाईक डॉक्टरला बोलवेल."

"आई, हे माणसांसाठी नसतं, सर्चसाठी असतं."

"सर्च मशीन घेऊन येणार आहे का माझ्याकडं?"

तो हसला. त्यानं लॅपटॉप फिरवून एक हिरवं वर्तुळ दाखवलं, आत आकडा, ब्याण्णव. शंभरपैकी. वहिनींनी विचारलं, "हे मार्क कोण देतं, सर्चवाली कंपनी?"

"नाही, ही वेगळी कंपनी. आमच्या कोर्सवाल्यांचं टूल आहे."

"म्हणजे पेपर तपासणार एक आणि पास-नापास करणार दुसरा."

त्यानं लॅपटॉप मिटला. मग त्यानं मला काम दिलं. "आजोबा, तुम्ही रोज सकाळी सर्च करायचं, आपली साइट शोधायची आणि उघडायची. जितक्या वेळा उघडाल तितकी वर जाईल."

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. मास्तरांनी उजळणी सांगितली की चाळीस वेळा म्हणायची, एकोणचाळीस नाही. रोज सकाळी चहाबरोबर मी चाळीस वेळा वहिनींची साइट उघडायचो. पहिल्या आठवड्यात ती पाचवी दिसायची, मग तिसरी, मग पहिली. माझा आनंद गगनात मावेना. सुनेला दाखवलं, वाण्याला दाखवलं, न्हाव्याच्या खुर्चीत बसून आरशातून न्हाव्याला दाखवलं. आणि रोज दहा वाजता शटर वर गेलं की दारातूनच सांगायचो, "वहिनी, आपण पहिले."

इकडं फोन वाजायचे कमी झाले. आठवड्याला बारा मशीनं यायची ती पाच झाली, मग दोन. वहिनी जावयाला विचारायच्या. तो म्हणायचा, "वेळ लागतो, तीन महिने. सर्च आधी पारखून घेतं." तीन महिने झाले, तो म्हणाला सहा. एका सकाळी वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, मला वाटतं सगळं होतं तसं करून घ्यावं. काहीतरी बिनसलंय."

मी म्हणालो, "पहिल्या नंबरावरच्या माणसानं रडायचं नसतं. सीझन मंद असेल." आणि फोन पुढं केला. त्यांनी बघितलं, डोळ्यांनी बघितलं, आणि पेचकस परत हातात घेतला.

हे दोनदा झालं. दुसऱ्यांदाही मी फोनच पुढं केला.

तर आता त्या दोन फोनांकडं येऊ. शिवणवर्गाच्या बाई दोन मशीनं गाडीत घालून आल्या होत्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "उघडं आहे होय? मी तर समजले तुम्ही बंद केलंत. ठकठकीचं पान उघडलं तर 'पान सापडत नाही' असं येतं. मुलींना मी तुमचीच पानं शिकवत होते." मग शोधून बघितलं, आणि माझा तो सुप्रसिद्ध उद्गार झाला.

वहिनी माझ्यावर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "दोन फोन दोन गोष्टी सांगतायत तर तिसरा आणू." शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा फोन आणला. नाही. त्याच्या गिऱ्हाइकाचा आणला. नाही. जगातल्या सगळ्या फोनांत माझा एकटाच फोन असा होता ज्यावर वहिनींचं दुकान पहिलं होतं. आणि का, तर मीच रोज चाळीस वेळा त्याला सांगत होतो की मला हेच आवडतं. तो बिचारा माझी आवड जपत होता.

बाई गेल्या. वहिनींनी माझा फोन उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "उद्यापासून एक महिना हे उघडायचं नाही." तेवढंच.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी पुन्हा पुन्हा सांगतो, मला कंटाळा येत नाही. सर्चवाल्या कंपनीचं एक फुकट पान असतं, साइटच्या मालकासाठी. लोकांनी काय शोधलं, आपली साइट कितीदा दाखवली गेली, कितीजणांनी उघडली, सगळं तिथं असतं. जावयानं ते कधी उघडलंच नव्हतं, कारण त्याच्याकडं ब्याण्णव होते. वहिनींनी उघडलं. रेघ सरळ चालली होती आणि एका आठवड्यात कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. पत्ते बदलले तो आठवडा.

मग त्यांनी वही केली. डावीकडं 'सांगितलं', उजवीकडं 'दिसलं'. आणि कायदा तोच, एका वेळी एकच स्क्रू. एका पानावरचे ते वीस वेळचे शब्द काढले, बाकीच्यांना हात लावला नाही, चार आठवडे थांबल्या. पान वर सरकलं. दोन पानांच्या तारखा बदलणं थांबवलं. काही फरक नाही, ना वर ना खाली. सुई उलटी बसवली तर काय होतं, याचं दीड हजार शब्दांचं पान पुन्हा नऊ ओळींचं केलं. ते नऊ ओळींचं पान लांबलचक पानांच्या डोक्यावर जाऊन बसलं, कारण विचारणाऱ्याला तेवढंच हवं होतं. माथ्यावर परत बायकांचे शब्द घातले, 'ठकठक', 'गुंता', आणि तिथं फरक पडला, चांगला पडला. माझे चाळीस क्लिक महिनाभर बंद होते. त्या रकान्यात त्यांनी एक गोल शून्य काढलं. मी बघत होतो म्हणून थोडं लहान काढलं असावं.

सगळ्यात जास्त फरक पडला जुने पत्ते परत लावल्यावर. पण पत्ते लावून आत ठेवायचं काय? जुना मजकूर गेला होता. शिवणवर्गाच्या बाईंनी मुलींसाठी एकोणीस पानं छापून ठेवली होती, ती मिळाली. बाकीची चोवीस वहिनी आठवून आठवून लिहीत बसल्या, एकदा लिहिलेलं परत, मिस्त्री बाहेर गिऱ्हाइकाला काय सांगायचा ते आठवत. तीन पानं त्यांना शेवटपर्यंत आठवली नाहीत.

आणि वहीत बऱ्याच ठिकाणी उजवीकडं लिहिलेलं होतं, 'कळलं नाही.' फोटो हलके केले, पान फोनवर लवकर उघडायला लागलं, लोक थांबायला लागले. पण नंबर त्यानंच वर गेला का? कळलं नाही. विकतच्या लिंका काढून टाकायला सांगितल्या, त्यानं काही झालं का? कळलं नाही. मी म्हणालो, "वहिनी, एवढं काम केलंत, अंदाजानं तरी लिहा." म्हणाल्या, "अंदाजच हवा होता तर जावई काय वाईट होता?"

अकरा महिने गेले. पानं वर आली, म्हणजे बरीचशी. फोन वाजायला लागले. पण ते चार कारखाने आले नाहीत. त्यांनी मधल्या काळात दुसरा माणूस बघितला, वर्षाचं काम त्याला बांधून दिलं. एकानं तर वहिनींना फोनवर सांगितलं, "तुमचं चांगलं होतं हो, पण तुम्ही दिसेनाशा झालात." आठवड्याला तीन मशीनं आणि उसवलेल्या बाह्या यांवर दुकान चालत नाही. वहिनींनी खोली सोडायचं ठरवलं.

मुलगी आली होती तेव्हा मी स्टुलावर होतो. वही चाळत म्हणाली, "आई, सगळेच असं करतात. त्याला कोर्समध्ये जे शिकवलं ते त्यानं केलं. तू त्याला चोर ठरवू नकोस."

"मी कुठं काय म्हटलं?"

"म्हणाली नाहीस. वही केलीस."

वहिनींनी चहा ओतला. मुलीनं वहीच्या पानांचे फोटो काढून घेतले. त्याला दाखवते म्हणाली, त्याच्या कामाला येईल. वहिनी म्हणाल्या, "ने. कामाला आलं तर चांगलंच."

आलं कामाला. दोन महिन्यांनी एका हॉलमध्ये जावयाचं भाषण होतं, 'एसईओतले भ्रम आणि सत्य', दारावर त्याचा फोटो. मी गेलो, पहिल्या रांगेत बसलो, मला वाटलं वहिनींचं नाव घेईल. मुलगा बोलतो छान, हे मानलं पाहिजे. भ्रम क्रमांक एक, तेच तेच शब्द. भ्रम क्रमांक दोन, तारखा. वहीतलं डावं-उजवं जसंच्या तसं पडद्यावर. एका खोलीतल्या एका साइटवर, एका बाईनं चार-चार आठवडे बघितलेलं ते तिथं 'आमचा शंभर साइटवरचा अभ्यास' झालं होतं. जिथं 'कळलं नाही' होतं तिथं आकडे आले होते. फोटो हलके करा, चाळीस टक्के वाढ. लिंका काढा, सत्तावीस टक्के वाढ. लोक भराभरा लिहून घेत होते. माझ्या शेजारचा माणूस, किराणा दुकानदार, त्यानं चाळीस टक्क्यांखाली दोन रेघा मारल्या. त्याला सांगावं असं फार वाटलं. पण मी कोण सांगणार? पाच महिने पहिला नंबर सांगणारा माणूस.

घरी परतताना दुकानावरून गेलो. शेवटचे दिवस होते. वहिनी मशीनची डोकी जुन्या चादरींत गुंडाळत होत्या. मी सगळं सांगितलं, रंगवूनच सांगितलं, शंभर साइट, चाळीस टक्के, किराणावाला, दोन रेघा. त्या गुंडाळत राहिल्या. नुसतं म्हणाल्या, "तो किराणावाला आता फोटो बारीक करत बसेल."

"तुम्ही जाऊन उभं राहायला हवं होतं. सगळ्यांसमोर विचारायला हवं होतं."

"आणि मुलीनं कुठं बघायचं?"

मी दोरीचं टोक धरून ठेवलं, त्यांनी गाठ मारली. मग खूप दिवस पोटात होतं ते विचारलं. म्हणालो, "वहिनी, खरं सांगा. तुम्ही दोनदा म्हणाला होतात, होतं तसं करून घ्यावं. मी फोन दाखवला म्हणून थांबलात. दुकान माझ्यामुळं गेलं का?"

मला वाटलं, म्हणतील, तसं काही नाही हो भाऊजी. मनात तेच ऐकायची तयारी करून ठेवली होती. त्यांनी हातातलं डोकं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या,

"जावई नवा होता, त्याच्यावर माझी नजर होती. त्यानं एकट्यानं सांगितलं असतं तर दुसऱ्या महिन्यातच मी पासवर्ड परत घेतला असता. तुमच्यावर नजर ठेवायची असते हे मला माहीत नव्हतं. धरा ती बाजू, हे डोकं जड आहे."